मूळगाव

प्रकाशा येथे गोमाई जिथे तापीला मिळते, आणि ज्या संगमाच्या पुण्याईवर ह्या गावाला खानदेशात दक्षिण काशी म्हणण्याचा प्रघात पडला, त्या घाटाच्या पायऱ्यांवर मार्गशीर्षातल्या एखाद्या संध्याकाळी बसले, की पांढऱ्या वस्त्रांतला, काठी बाजूला टेकवून ठेवलेला आणि गुडघ्यावर वही उघडून काही लिहीत बसलेला एखादा मनुष्य हटकून दृष्टीस पडतो. तो नर्मदेचा परिक्रमावासी असतो. गेल्या हिवाळ्यात अशा एका गृहस्थांनी, ते पुण्याकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले होते, आपली वही सहज माझ्या हाती दिली. वहीला रबराचे वेटोळे होते. पुढच्या अर्ध्या भागात शिक्के: आश्रमांचे, धर्मशाळांचे, ग्रामपंचायतींचे, काही उलटे उमटलेले, काही इतक्या कोरड्या शाईचे की नुसती गोल कडाच कागदावर आलेली आणि मधले नाव मग कोणीतरी पेनाने भरलेले. मागच्या अर्ध्या भागात रोजनिशी. किती चाललो, कोठे भिक्षा मिळाली, कोणत्या टाचेला फोड आला, पहाटे काय स्वप्न पडले, आणि दर चारसहा पानांनी, अधोरेखित केलेला, तोच एक प्रश्न: मी कोण? त्याच पानाच्या तळाशी ‘मोजे वाळले नाहीत’ अशी नोंद होती, आणि खरे सांगायचे तर मला ती दुसरी नोंद अधिक विश्वासार्ह वाटली.

परिक्रमेत नदी नित्य उजव्या हाताला ठेवायची, ती कोठेही ओलांडायची नाही, निघताना भरून घेतलेले तिचे पाणी अखेरपर्यंत जवळ बाळगायचे आणि जे मिळेल त्यावर भागवायचे, हे नेम सर्वश्रुत आहेत. परंतु ज्याने ते पाळण्याचा संकल्प केला त्याने प्रकाशाच्या घाटावर बसून काय पाहावे? उजव्या हाताला इथे नर्मदा नाही. समोर तापी आहे, ती सूर्यकन्या, वेगळ्याच गोत्राची. आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत आहे, जिच्या पलीकडे, तोरणमाळ आणि अक्राणीचे डोंगर उतरून गेल्यावर, नर्मदा महाराष्ट्राला केवळ ५४ किलोमीटर स्पर्श करते. जुनी वाट त्याच काठाने, शूलपाणीच्या झाडीतून जात असे. आता त्या काठावर सरदार सरोवराचे पाणी उभे आहे. काही धीट लोक अजून धडगावकडून डोंगरातून जातात. बाकीचे शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशा डांबरी रस्त्याने जातात, आणि जिच्याभोवती फिरायचे तीच दिवसेंदिवस दिसत नाही. श्रद्धेची ही अवस्था मला मोठी अर्थपूर्ण वाटते, पण ती कोणी मुद्दाम योजलेली नाही. ती एका धरणाची परिणती आहे.

घर सोडून निघालेल्या माणसाने वही लिहिणे आपल्याकडे नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवावी एवढ्याच हेतूने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वणव्यात सापडले, आणि परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले, ती आईबापांना स्नान घालण्यासाठी. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना ‘मी कोण’ हा प्रश्न त्यांना एकदाही पडलेला दिसत नाही. ते कोण आहेत हे त्यांना, त्यांच्या घराला आणि त्यांच्या सावकाराला पक्के ठाऊक होते. गंगेचे पाणी घरापर्यंत न्यायचे होते, म्हणून प्रवासाला दिशा होती. नर्मदेचा यात्रेकरूही पाणी वाहतो. परंतु त्याचे पाणी कोणाच्या घरी जात नाही, ते नदीचे नदीलाच परत जाते. ह्या एका फरकात दीडशे वर्षांचे अंतर साठलेले आहे. आधीच्या प्रवाशाला घर होते आणि द्रव्य नव्हते. आजच्याला निवृत्तिवेतन आहे, बंद करून आलेली सदनिका आहे, आणि तरी घर सापडलेले नाही अशी त्याची तक्रार आहे. मी ती थट्टेने सांगत नाही.

शास्त्राने ह्या तक्रारीला एक भारदस्त उत्तर देऊन ठेवलेले आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत ‘अनिकेत’ हे एक आहे: ज्याला निकेतन नाही तो. बौद्धांच्या परंपरेत प्रव्रज्या म्हणजे घरातून बेघरपणात जाणे. जैन साधूला अनगार म्हणतात. घर हे ममत्वाचे मूळ, ममत्व हे बंधाचे मूळ, तेव्हा घर सुटले की आत्मा सापडतो, असा हा एकूण विचार आहे, आणि त्याच्या पाठीशी इतके थोर अनुभव उभे आहेत की त्याला सहजासहजी हात लावू नये. तरीही एक शंका मला सोडत नाही. अनिकेताला रात्री पाठ टेकायला कोणाचे तरी निकेत लागते. भिक्षा वाढायला कोणी तरी चूल पेटवलेली असावी लागते. परिक्रमावासी दारात उभा राहून ‘नर्मदे हर’ म्हणतो, आतून विचारतात, ‘किती मूर्ती आहात?’, आणि तेवढ्या मूर्तींचे पीठ मळले जाते; त्या क्षणी त्याचे नाव, हुद्दा, जात, सारे गळून तो केवळ एक मूर्ती उरतो, स्त्री असेल तर माताराम होते, आणि ह्या गळून पडण्यालाच तो वहीत ‘अहंकाराचा लय’ म्हणून नोंदतो. परंतु पीठ मळणाऱ्या बाईचे काय गळाले? ती जागची हलली नाही म्हणून तर ह्याचे चालणे साधना ठरले. तिची रोजनिशी कोठे आहे?

ह्या प्रश्नाने मी शूलपाणीच्या झाडीपाशी येतो. परिक्रमेच्या जुन्या कथांत झाडीचे प्रकरण म्हणजे कळस: तिथे भिल्ल वाट अडवतात, कांबळे, भांडे, शिधा, अंगरखा, सर्व काढून घेतात आणि यात्रेकरूला लंगोटीवर सोडतात. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदेऽऽ हर हर’ने मराठी वाचकाला परिक्रमेचे वेड लावल्यापासून हे प्रकरण घरोघर माहीत झाले आहे. यात्रेकरूंनी ह्या लुटारूंना नाव काय दिले? मामा. नर्मदा आई, तिच्या काठचे ते तिचे भाऊ, म्हणून आपले मामा. आणि मामाने भाच्याचे ओझे उतरवले तर ती लूट कशी, तो तर मैयाचा अनुग्रह. लुटले जाण्याच्या भयावर नात्याचे इतके सुरेख पांघरूण घालणारी दुसरी युक्ती मला आपल्या धर्मवाङ्मयात आठवत नाही. पण पांघरुणाची दुसरी बाजू कोणी उलटून पाहिली नाही. मामाने ह्याला कधी भाचा म्हटले काय? ज्याला यात्रेकरू ‘झाडी’ म्हणत, वैराग्याची अखेरची पायरी म्हणत, ती त्या मामाची वाडी होती. तिथे त्याचे बांबूच्या कुडाचे घर होते, उतारावर मका आणि ज्वारी होती, पाड्याच्या वेशीवर वाघदेव होता, आणि पिढ्यांचे मृत त्याच मातीत होते. एकाचे अरण्य ते दुसऱ्याचे अंगण, ही गोष्ट वहीत यायला वही लिहिणारा अंगणातला असावा लागतो.

परक्याच्या नजरेने ह्या मुलखाची रोजनिशी फार पूर्वीच लिहिली गेली होती. नंदुरबार हा सुरत–बऱ्हाणपूर हमरस्त्यावरचा कसबा. १६३० च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी सुरतेहून आग्र्याला निघाला तो नवापूर, नंदुरबार करीत ह्याच वाटेने गेला, आणि वर्ष दुष्काळाचे होते. बऱ्हाणपुरापर्यंतचा रस्ता प्रेतांनी भरलेला, गावांजवळ दुर्गंधीने नाक उघडे ठेवता येत नाही, मुले जगावीत म्हणून आईबाप ती कोणालाही देऊन टाकताहेत, असे त्याने टिपून ठेवले. तो निर्दय नव्हता. जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून आज आपल्याला त्या वर्षाची कल्पना येते. पण तो दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला निघाला. रोजनिशीचा हा स्वभावच आहे. लिहिणारा पुढे जातो, लिहिलेले मागे राहते, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला त्याची खबरही नसते.

मग काळ असा उलटला की ज्याने कधी वही लिहिली नव्हती त्यालाच वाटेला लागावे लागले. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली. नर्मदेच्या पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ साली आला. आणि पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला बुडीत म्हणून ३३ गावे आली, सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तेव्हा हा जिल्हाच नव्हता, तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. म्हणजे जिल्ह्याचा नकाशा जन्मला तेव्हा त्याची उत्तरेची कड पाण्याखाली जाऊ लागली होती. १९९३ च्या पावसाळ्यात ह्या गावांतल्या मणिबेलीत पाणी शिरले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही बुडाले, त्याचे नवे मंदिर गोरा गावाजवळ बांधले. देवाचे पुनर्वसन त्या मानाने सुरळीत झाले. माणसांचे तसे होणे अवघड होते, कारण माणसाला आधी आपण आहोत हे दप्तरात सिद्ध करावे लागते. ज्या गावांची धड मोजणी झालेली नव्हती, जिथे जमीन बापाकडून मुलाकडे फेरफाराच्या नोंदीने नव्हे, तर नांगराच्या मुठीने जात होती, तिथल्या खातेदाराने सातबारा कोठून आणावा? घोषित आणि अघोषित असे प्रकल्पग्रस्तांचे दोन वर्ग पडले. एकाच चुलीवरची दोन भावंडे, एक घोषित, एक अघोषित. ‘मी कोण?’ हा प्रश्न पुण्याच्या गृहस्थांनी अधोरेखित केला त्याच्या कितीतरी आधी सातपुड्यातल्या माणसाला तो तलाठ्याने विचारला होता, आणि तिथे उत्तर मौनात किंवा समाधीत देऊन चालत नव्हते, दाखला लागत होता.

वैराग्याची भाषा इथे फार जपून वापरली पाहिजे. ज्याने स्वेच्छेने घर सोडले आणि ज्याचे घर हुकमाने सुटले, ते दोघे एकाच रस्त्याच्या कडेला, एकाच थंडीत झोपलेले दिसले, तरी एकाला आपण अनिकेत म्हणू शकतो आणि दुसऱ्याला म्हणू शकत नाही. कारण त्याग करण्याचा अधिकार ज्याच्याजवळ असतो त्यालाच त्याग घडतो, आणि तो अधिकारच आधी काढून घेतल्यावर उरते ते नुसते गेलेपण. हे कोणी मला सांगून शिकवले नाही. तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतींतली एक बोलण्याची रीत ऐकून कळले. तिथे राहायला येऊन पंचवीस वर्षे झालेला मनुष्य जिथे राहतो त्याला ‘वसाहत’ म्हणतो आणि जे पाण्यात आहे त्याला ‘मूळगाव’. मूळ ह्या शब्दाचा झाडाशी असलेला संबंध आपण शहरातले लोक विसरलो आहोत.

ह्या मूळगावच्या लोकांचीही वही शेवटी झाली, पण ती त्यांच्या हातून नव्हे, तोंडून. धरणाविरुद्धच्या आंदोलनात वर्षानुवर्षे काम केलेल्या नंदिनी ओझा यांनी निमगव्हाणचे केशव वसावे आणि केवलसिंग वसावे यांच्याकडून त्यांची हकीगत बोलती करून घेतली. ‘लढा नर्मदेचा’ ह्या नावाने ती २०१७ साली मराठीत आली. तिचे वेगळेपण मला असे वाटते की तिच्यात निवेदक पुढच्या मुक्कामाला निघून जात नाही. वाट, पीक, लग्न, मोर्चा, पाण्याची चढती पातळी, हे सारे एकाच जागी उभे राहून सांगितलेले आहे; जागा हलते, माणूस नव्हे. आंदोलनाने त्या काठांवर ज्या जीवनशाळा काढल्या, त्यांतली आरंभीची एक निमगव्हाणचीच होती, आणि पाणी चढेल तशी तिचे कूड सोडवून वरच्या टेकडीवर पुन्हा बांधली गेली. प्रवासवर्णनाचा हा प्रकार आपल्या साहित्यशास्त्रात अजून नोंदलेला नाही.

जिल्ह्यात आणखी एक प्रवास दरसाल घडतो आणि त्याचीही वही असते. दिवाळी सरली की धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याकडची जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवराबायकोच्या त्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे परिक्रमेत माणसाची मूर्ती होते तसे इथे दोन माणसांचे एक हत्यार होते. होळीला जमेल तो परत येतो, कारण होळी इथे सर्वांत मोठा सण. काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजतात आणि कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या नाचतात. ह्या प्रवाशांची वही मुकादमाजवळ असते. तिच्यात उचल किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, एवढेच लिहिलेले. पाच महिन्यांच्या आयुष्याचे एवढे कोरडे चरित्र जगात दुसऱ्या कोणी लिहीत असेल असे वाटत नाही.

इतके सगळे मनात घोळत असताना मला तळोदा तालुक्यातल्या मोरवडची आठवण होते, ज्याला आता रंजनपूर म्हणतात. १९३७–३८ च्या सुमारास तिथे गुलाम महाराज नावाच्या एका भिल्ल सत्पुरुषाने सोमवारची आरती सुरू केली. दारू सोडा, स्नान करा, एकत्र बसा, असा साधा उपदेश, आणि त्यासाठी डोंगरातून लाखोंनी माणसे लोटली. ते १९३८ सालीच गेले. पुढे बंधू रामदास महाराजांनी ती चळवळ चालवली. ह्या पंथाला आप धर्म म्हणतात, कारण लहानथोर, स्त्रीपुरुष, सर्वांनी एकमेकांना ‘आप’ म्हणावे ही त्याची शिकवण. ज्या लोकांना सावकारापासून शिपायापर्यंत प्रत्येक जण अरेतुरे करीत आला, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणणे ही केवढी क्रांती होती, हे समाजसुधारणेचे अभ्यासक सांगतीलच. मला त्या शब्दाने वेगळ्याच दिशेला नेले. संस्कृतातला आत्मन् प्राकृतात अप्पा झाला, अप्पाण झाला, आणि त्यातूनच हिंदीचा आप व मराठीचा आपण निघाला. म्हणजे समोरच्याला ‘आप’ म्हणणारा भिल्ल, कोणत्याही उपनिषदाचे नाव न घेता, त्याला आत्माच म्हणत होता. (संस्कृतात पाण्यालाही आपः म्हणतात, तो शब्द निराळा, त्याची व्युत्पत्ती निराळी, आणि नर्मदेच्या मोहाने दोन्ही एक करण्याचा माझा विचार मी महत्प्रयासाने आवरला आहे.)

मराठीने ह्या ‘आपण’ला तीन कामे दिली. तो ‘स्वतः’ आहे: आपण होऊन केले. तो आदराचा ‘तुम्ही’ आहे: आपण बसावे. आणि तो ‘आम्ही’हून वेगळा असा एक समूह आहे, ज्यात ऐकणाराही मोडतो. आम्ही म्हटले की समोरचा कुंपणाबाहेर. आपण म्हटले की तो आत. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद आहे. हिंदीच्या ‘हम’ला तो करता येत नाही. मी, तू आणि सगळे मिळून, ह्या तिघांना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेत ‘मी कोण?’ हा प्रश्न एकट्याने, डोंगराआड नदी ठेवून, वहीत सोडवता येईल असे मला वाटत नाही. कोणी ‘आपण’ म्हणताना मला धरतो की नाही, ह्यावर माझे घर अवलंबून आहे. चार भिंती त्यानंतर. आणि ह्या कसोटीने पाहिले तर घर हे सापडण्याची वस्तू नव्हे, ते कोणी तरी देण्याची वस्तू आहे, नाकारण्याचीही.

नाकारण्याचीही, हे मी जाणून लिहितो. बुडितातल्या कुटुंबांना तळोद्याकडे जी जमीन मिळाली ती वनखात्याचे जंगल मोडून काढलेली होती, आणि त्या जंगलात आधीच काही भूमिहीन आदिवासी नेवाड करून, म्हणजे जंगलातच शेत काढून, कसत होते. डोंगरातून उतरलेल्याला घर देताना सपाटीवरच्या कोणाचा तरी ‘आपण’ आक्रसला. दोन्हीकडे एकाच रक्ताची माणसे होती, दोन्हीकडे कागद अपुरे होते. ह्या गोष्टीचा निवाडा मी करू शकत नाही. पण मूळगावाचे दुःख सांगताना तिला वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

प्रकाशाचे ते गृहस्थ मला दोन दिवसांनी तळोद्यापलीकडच्या अशाच एका वसाहतीत पुन्हा भेटले. माझे तिथे थोडे काम होते. ते एका ओसरीवर पाय पसरून बसले होते आणि घरातले म्हातारेबाबा त्यांच्यासमोर उकिडवे बसून त्यांच्या पिशवीकडे पाहत होते.

‘‘बाबाजी, मैयाचं पाणी आहे का?’’

गृहस्थांनी काखेतली बाटली सोडवून दिली. म्हाताऱ्याने ती उजेडात धरली, हलकेच उलटी केली, पुन्हा सरळ केली.

‘‘गाळ नाही ह्यात,’’ ते म्हणाले. ‘‘वरचं असेल. आमच्याकडे आता गाळच असतो.’’

आतून एका सुनेने चहा आणला. चहा झाल्यावर गृहस्थांनी नेहमीप्रमाणे वही काढली, रबर सोडवले, आणि इथे शिक्का मिळेल काय म्हणून विचारले. शिक्का कोठून असणार? म्हाताऱ्याने पेन मागून घेतले. कोरे पान मांडीवर दाबून धरून, एकेक अक्षर जुळवीत, त्यांनी आपले नाव लिहिले आणि त्याखाली मुक्काम म्हणून गाव लिहिले. वसाहतीचे नव्हे, पाण्यातले.

गृहस्थांनी ते वाचले. खिशातून घडी घातलेला परिक्रमेचा नकाशा काढून त्यावर काही वेळ बोट फिरवले.

‘‘हे वाटेवर दिसत नाही, बाबा.’’

‘‘तुम्ही तिथूनच जाताय,’’ म्हातारा म्हणाला, आणि रिकामे कप उचलून आत गेला.